बर्फातला कॅमेरा

(माहितीपट हा शब्दही रूढ झाला नव्हता, त्या काळात रॉबर्ट फ्लाहर्टी या अमेरिकन माणसाने खऱ्या माणसांच्या खऱ्या जीवनावर चित्रपट काढला. त्याच्या कामाची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे. पडद्यावर जे दिसते ते किती खरे असते, हा प्रश्नही या पाठाच्या निमित्ताने आपल्यासमोर येतो.)

सिनेमा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नट-नट्या, गाणी आणि मारामाऱ्या येतात. पण ज्यांत नट नसतात असेही चित्रपट असतात. त्यांत शेतकरी खरोखर नांगर धरतो, कोळी खरोखर जाळे टाकतो आणि कॅमेरा ते टिपतो. अशा चित्रपटांना माहितीपट किंवा अनुबोधपट म्हणतात. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून पाहा. पूर्वी चित्रपटगृहात मुख्य खेळ सुरू होण्याआधी फिल्म्स डिव्हिजनचा एखादा छोटा माहितीपट दाखवत. काही लोक तो मन लावून पाहत, तर काही लोक तेवढ्या वेळात बाहेर चहा पिऊन येत!

चित्रपटाचा जन्म झाला तेव्हा सगळेच चित्रपट एका अर्थाने असे होते. स्टेशनात गाडी शिरली, कारखान्यातून कामगार बाहेर पडले, की कोणीतरी कॅमेरा फिरवून ते टिपून घेई. आपल्या मुंबईतही १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. पण अशी फीत मिनिटा-दोन मिनिटांत संपे. एखाद्या माणसाचे जगणे, त्याची भूक, त्याचे घर, त्याची मुलेबाळे हे सगळे तासभर पडद्यावर दाखवता येईल आणि लोक तिकीट काढून ते पाहतील, असे कोणाला वाटले नव्हते. फ्लाहर्टीने ते करून दाखवले. तेही उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशात राहून!

रॉबर्ट फ्लाहर्टीचा जन्म १६ फेब्रुवारी १८८४ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात आयर्न माउंटन या गावी झाला. त्याचे वडील खाणीचे काम करत. लोहखनिजाच्या शोधात ते कॅनडाच्या जंगलांत भटकत आणि लहानग्या रॉबर्टलाही बरोबर नेत. शाळेच्या बाकावर बसण्यापेक्षा खाणकामगारांच्या तंबूत बसणे त्याला आवडे. पुढे त्याला खाणविद्येच्या महाविद्यालयात घातले, पण काही महिन्यांतच त्याला तेथून काढून टाकण्यात आले. तेथे त्याचा एक फायदा मात्र झाला. फ्रान्सेस हबर्ड या मुलीशी त्याची ओळख झाली. १९१४ साली दोघांचे लग्न झाले. फ्रान्सेस पुढे केवळ त्याची पत्नी राहिली नाही. छायाचित्रे काढणे, चित्रपटाची मांडणी ठरवणे, लेखन करणे अशा सर्व कामांत तिचा वाटा होता. फ्लाहर्टीचे नाव घेताना लोक तिला विसरतात, हे बरे नाही.

१९१० साली सर विल्यम मॅकेन्झी या कॅनडातील रेल्वेमार्ग बांधणाऱ्या धनिकाने फ्लाहर्टीला कामावर ठेवले. हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर कोठे लोहखनिज मिळते का, हे त्याने शोधायचे होते. हा प्रदेश वर्षातील बहुतेक काळ बर्फाखाली असतो. तेथे इन्युइट लोक राहतात. पूर्वी बाहेरचे लोक त्यांना एस्किमो म्हणत, पण ते स्वतःला इन्युइट म्हणवतात. कुत्र्यांच्या घसरगाडीतून फिरावे, त्यांच्याबरोबर खावे, त्यांच्याच बर्फाच्या घरात झोपावे, अशा रीतीने फ्लाहर्टीने या मोहिमा केल्या. तेथे एका इन्युइट माणसाने त्याला बेटांचा एक नकाशा काढून दाखवला. फ्लाहर्टीजवळच्या छापील नकाशात तेथे समुद्रात चार ठिपके होते आणि हा माणूस तर मोठमोठी बेटे काढत होता! पुढे फ्लाहर्टी तेथे पोहोचला, तेव्हा त्या माणसाचाच नकाशा खरा निघाला. ती बेल्चर बेटे. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाला आज फ्लाहर्टीचे नाव आहे. माझ्या मते ते त्या नकाशा काढणाऱ्याचे असायला हवे होते.

१९१३ साली मोहिमेवर निघताना मॅकेन्झीने त्याला सुचवले, ‘‘एवढे सामान नेतोस, त्यात एक कॅमेराही का नेत नाहीस?’’ अशा अर्थाचे ते बोलणे होते. फ्लाहर्टीला चित्रपटाची काहीच माहिती नव्हती. त्याने रॉचेस्टर शहरात जाऊन तीन आठवडे शिक्षण घेतले, कॅमेरा विकत घेतला आणि तो निघाला. दोन-तीन वर्षांत त्याने हजारो फूट फिल्म चित्रित केली.

मग घडला तो प्रसिद्ध अपघात. १९१६ साल होते. टोरोंटो शहरात फ्लाहर्टी आपली फिल्म जुळवत बसला होता. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती पेटायला एक ठिणगी पुरे. फ्लाहर्टीच्या हातातील सिगारेट खाली पडली आणि पाहता पाहता सुमारे तीस हजार फूट निगेटिव्ह जळून गेली. तो स्वतःही भाजला. तीन वर्षांची मेहनत काही क्षणांत नाहीशी झाली.

त्या फिल्मची एक प्रत मात्र वाचली होती. फ्लाहर्टीने ती मित्रमंडळींना दाखवली. लोक सभ्यपणे पाहत बसले. पण त्यांना त्यात रस वाटला नाही, हे त्याच्या लक्षात आले. त्यात काय नव्हते? बर्फ होता, कुत्रे होते, शिकार होती. पण इकडचा एक तुकडा, तिकडचा एक तुकडा, एवढेच ते होते. प्रवासी जसा येता-जाता पाहतो, तसे त्याने पाहिले होते. त्याने ठरवले की पुन्हा जायचे आणि एकच माणूस व त्याचे कुटुंब घेऊन वर्षभराची गोष्ट सांगायची. चित्रपटाच्या इतिहासात ही फार मोठी कल्पना होती. फिल्म जळली नसती तर ती त्याला सुचली असती की नाही, कोण जाणे!

पण पैसे कोण देणार? चार वर्षे अशीच गेली. शेवटी रेव्हियाँ फ्रेर या केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या फ्रेंच कंपनीने खर्च उचलला. ऑगस्ट १९२० मध्ये फ्लाहर्टी हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील इनुकजुआक या ठिकाणी उतरला. त्याच्याजवळ दोन कॅमेरे होते, पंचाहत्तर हजार फूट कोरी फिल्म होती, वीज तयार करणारे यंत्र होते आणि चित्रपट दाखवण्याचे यंत्रही होते. थंडीत तेल-वंगण गोठून कॅमेरा बंद पडू नये, म्हणून त्याने वंगणाऐवजी ग्राफाइटची पूड वापरता येईल असे कॅमेरे निवडले होते.

चित्रपट दाखवण्याचे यंत्र एवढ्या दूर कशाला न्यायचे, असे तुम्हांला वाटेल. फ्लाहर्टीचा विचार वेगळा होता. ज्यांचा चित्रपट काढायचा, त्यांना आपण काय करतो आहोत हे समजले पाहिजे. म्हणून काढलेली फिल्म तेथेच धुवायची, तेथेच तिची प्रत काढायची आणि त्याच लोकांना ती दाखवायची, असे त्याने ठरवले होते.

फिल्म धुणे हे तेथे किती अवघड होते, याची कल्पना करा. फिल्म धुवायला भरपूर पाणी लागते आणि हिवाळ्यात तर नदीवर सहा फूट जाडीचा बर्फ! इन्युइट लोक तो बर्फ फोडून भोक पाडत, पिंपे भरत आणि घसरगाडीवरून ती झोपडीपर्यंत आणत. त्या पाण्यात बर्फाचे तुकडे असत, शिवाय लोकांच्या कातडी कपड्यांचे केस गळून पडत. ते सगळे गाळून काढावे लागे. फिल्म वाळवायला शेकोटीची ऊब हवी. कोळसा संपला तेव्हा समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली लाकडे वेचून आणून जाळली. प्रत काढण्यासाठी एकसारखा उजेड लागतो. यंत्राच्या विजेचा दिवा कधी मंद, कधी तेज होई. तेव्हा फ्लाहर्टीने झोपडीची खिडकी झाकून घेतली आणि फिल्मवरील चित्राएवढेच एक छोटे भोक मोकळे ठेवले. ऊन जास्त असले की त्या भोकावर पातळ कापडाचा एक तुकडा लावायचा, ढग आले की काढून टाकायचा! अशा प्रकारे सूर्यप्रकाशाने त्याने प्रती काढल्या. कॅमेऱ्याची देखभाल आणि दुरुस्ती यांतही इन्युइट मदतनीस तरबेज झाले. हा चित्रपट एकट्या फ्लाहर्टीचा नाही, असे म्हणतात ते यासाठीच.

चित्रपटाचा नायक म्हणून त्याने अल्लाकारियाल्लाक नावाचा एक अनुभवी शिकारी निवडला. हे नाव प्रेक्षकांना उच्चारता येणार नाही, म्हणून पडद्यावर त्याचे नाव ‘नानूक’ ठेवले. नानूक म्हणजे ध्रुवीय अस्वल. शिकारीचे चित्रण करण्यापूर्वी फ्लाहर्टीने त्याला बजावले होते की चित्रपट आधी, शिकार नंतर. माझ्या कामात अडथळा येत असेल तर हातातले सावज सोडावे लागेल. नानूकने ते मान्य केले. ज्याचे घर शिकारीवर चालते, त्याने हे मान्य करावे ही लहान गोष्ट नव्हे.

पहिले मोठे चित्रण वॉलरसच्या शिकारीचे झाले. वॉलरस हा लांब सुळे असलेला, बैलापेक्षाही जड समुद्रप्राणी. शिकाऱ्यांनी दोरी बांधलेला भाला त्याला मारला. तो जखमी प्राणी पाण्यात शिरला आणि माणसांनाही ओढू लागला. त्यांचे पाय घसरू लागले. त्यांनी फ्लाहर्टीला ओरडून सांगितले की तुझी बंदूक चालव. फ्लाहर्टीने ऐकू न आल्यासारखे केले आणि तो कॅमेऱ्याचा दांडा फिरवत राहिला. ही हकीकत पुढे तो स्वतःच सांगत असे. काही दिवसांनी हे चित्र त्याने झोपडीत सर्वांना दाखवले. खोलीत बायका-मुले-म्हातारे दाटीवाटीने बसले होते. पडद्यावर वॉलरस ओढू लागताच, ‘धरा, सोडू नका!’ असा एकच गिल्ला झाला. त्या दिवसापासून गावातील लोक रोज नवनवे प्रसंग सुचवू लागले.

अस्वलाच्या शिकारीची कल्पनाही नानूकचीच. भर हिवाळ्यात ते उत्तरेकडे निघाले. सुमारे सहाशे मैलांचा आणि पंचावन्न दिवसांचा तो प्रवास झाला. अस्वल काही सापडले नाही. अन्न संपले, कुत्रे मेले, दिव्याला तेल उरले नाही. चहाचे पाणी तापवायला फिल्मचे तुकडे जाळावे लागले, असे फ्लाहर्टीने लिहून ठेवले आहे.

बर्फाच्या घराचा प्रसंग तर ऐकण्यासारखा आहे. या घराला इग्लू म्हणतात. नेहमीचा इग्लू आत कॅमेरा ठेवण्याइतका मोठा नसतो. म्हणून नानूकने दुपटीने मोठा इग्लू बांधायला घेतला. त्याचा घुमट अनेकदा कोसळला आणि प्रत्येक वेळी सगळे पोट धरून हसले. शेवटी तो उभा राहिला, पण आत अंधार! बर्फाच्या खिडक्या बसवूनही उजेड पुरेना. तेव्हा इग्लूचा अर्धा भाग कापून टाकला. नानूकचे कुटुंब अंथरुणात झोपते आणि सकाळी उठते, हे जे दृश्य आपण पाहतो, ते अर्ध्या उघड्या घरात, कडाक्याच्या थंडीत घेतलेले आहे.

‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा मूकपट तयार झाला, पण तो घ्यायला चित्रपट कंपन्या तयार होईनात. मासे आणि बर्फ पाहायला कोण येणार, असे त्यांना वाटे. अखेर पाथे या कंपनीने तो घेतला. ११ जून १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरमध्ये तो झळकला आणि लोकांनी गर्दी केली. युरोपातही तो खूप चालला. नानूकचे हसरे तोंड घराघरांत ओळखीचे झाले. जर्मनीत तर आइस्क्रीमला त्याचे नाव दिले. पण तोपर्यंत खुद्द नानूक या जगात उरला नव्हता. तो हरणांच्या शिकारीला गेला आणि उपासमारीने मेला, असे फ्लाहर्टी सांगत असे. नंतरच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की तो बहुधा क्षयाने, आपल्या घरीच वारला.

येथे थोडे थांबायला हवे. चित्रपटात नानूक भाल्याने शिकार करतो. प्रत्यक्षात १९२० साली इन्युइट शिकारी बंदुका वापरत होते. चित्रपटात तो ग्रामोफोन पाहून चकित होतो आणि तबकडी दातांनी चावून पाहतो. प्रत्यक्षात ग्रामोफोन त्यांना माहीत होता. पडद्यावरील त्याच्या बायका खऱ्या आयुष्यात त्याच्या बायका नव्हत्या. मग याला खरे म्हणायचे की खोटे?

फ्लाहर्टीचे उत्तर असे की, मला हे लोक आज गोऱ्या व्यापाऱ्यांमुळे कसे झाले आहेत ते दाखवायचे नव्हते, पूर्वी कसे होते ते दाखवायचे होते. एखाद्या गोष्टीतील खरा भाव दाखवायचा असेल तर कधी कधी ती गोष्ट थोडी बदलावी लागते, असे तो मानत असे. हे उत्तर अर्धेच पटण्यासारखे आहे. इग्लू अर्धा कापला त्यात कोणाची फसवणूक नाही. कॅमेऱ्याला उजेड लागतो, हे कोणीही समजून घेईल. पण ग्रामोफोनच्या दृश्यात प्रेक्षक हसतात ते नानूकच्या अडाणीपणाला आणि तो अडाणीपणा तर त्याच्यात नव्हताच. जो माणूस कॅमेऱ्यासाठी घर बांधून देत होता, त्याला यंत्र न समजणारा दाखवले. हा फरक लक्षात ठेवला पाहिजे.

नानूकच्या यशानंतर पॅरामाउंट कंपनीने फ्लाहर्टीला सांगितले, ‘‘आता दुसरा नानूक आणून दे.’’ तो पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर गेला. या वेळी फ्रान्सेस आणि मुलीही बरोबर होत्या. तेथे अडचण अशी की निसर्गच उदार! नारळ आहे, मासे आहेत, थंडी नाही. झगडा कशाशी दाखवायचा? शेवटी तेथील तरुणाच्या अंगावर गोंदण्याचा विधी त्याने दाखवला. तो कित्येक दिवस चालतो आणि फार वेदना देतो. ही चाल त्या वेळी मागे पडत चालली होती. ‘मोआना’ हा चित्रपट १९२६ साली आला. त्याला धंदा फारसा झाला नाही, पण त्याने एक शब्द दिला. जॉन ग्रिअरसन या स्कॉटिश तरुणाने न्यूयॉर्कच्या एका दैनिकात त्याचे परीक्षण लिहिताना ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द वापरला. तो पुढे जगभर रूढ झाला. ग्रिअरसन स्वतःही पुढे मोठा माहितीपटकार झाला.

‘मॅन ऑफ अरान’ हा बोलपट १९३४ सालचा. आयर्लंडच्या पश्चिमेला अरान नावाची खडकाळ बेटे आहेत. खडकावर समुद्रातील शेवाळ आणि वाळू पसरून लोक माती तयार करतात आणि तीत बटाटे पिकवतात. ते दृश्य मन हेलावून टाकते. पण चित्रपटातील शार्कची शिकार तेथे कित्येक वर्षांपूर्वीच बंद झाली होती. ती कशी करायची, हे बेटावरील लोकांना नव्याने शिकवावे लागले. वादळी समुद्रात छोट्या होड्या घालायला त्याने लोकांना लावले. कोणाचाही जीव जाऊ शकला असता. त्या चांगल्या माणसांना मी जे करायला लावले त्याबद्दल मला गोळीच घालायला हवी होती, अशा अर्थाचे उद्गार पुढे त्यानेच काढले. या चित्रपटाला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट परदेशी चित्रपटाचे पारितोषिक मिळाले.

यानंतर फ्लाहर्टी आपल्या देशात आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९३५ साली लंडनच्या अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याने त्याला म्हैसूर संस्थानात पाठवले. किपलिंगच्या एका कथेवर ‘एलिफंट बॉय’ हा चित्रपट काढायचा होता. म्हैसूरच्या महाराजांनी हत्ती दिले, राहायला जागा दिली. हत्तीवर बसणारा मुलगा मात्र मिळेना. शेवटी महाराजांच्या हत्तीखान्यातच तो सापडला. एका मुसलमान माहुताचा हा मुलगा. आईवडील वारलेले, वय अकरा-बारा वर्षांचे. हत्तीच्या पाठीवर तो असा बसे, जणू स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसला आहे. त्याचे नाव साबू. पुढे साबू दस्तगीर या नावाने तो जगाला माहीत झाला.

फ्लाहर्टी नेहमीप्रमाणे सावकाश काम करत राहिला. पावसाळा आला, खर्च वाढला, कोर्डाचा धीर सुटला. फ्लाहर्टीने म्हैसूरच्या जंगलात काढलेले भाग आणि कोर्डाचा भाऊ झोल्टान याने इंग्लंडच्या स्टुडिओत काढलेले भाग जोडून १९३७ साली चित्रपट पुरा झाला. हा काही माहितीपट नव्हे. त्यातील हत्तींचे कळप आणि साबू खरे वाटतात, बाकीचे नाटकासारखे वाटते. तरी व्हेनिसला दोघा दिग्दर्शकांना त्यासाठी पारितोषिक मिळाले.

साबू आपल्या मोठ्या भावाबरोबर इंग्लंडला गेला, तेथे शिकला आणि नंतर अमेरिकेत पोहोचला. ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) आणि ‘जंगल बुक’ (१९४२) या चित्रपटांनी तो खूप प्रसिद्ध झाला. १९४४ साली तो अमेरिकेचा नागरिक झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याने बॉम्बफेकी विमानात तोफची म्हणून काम केले आणि शौर्यपदक मिळवले. पण युद्धानंतर त्याला चांगल्या भूमिका मिळेनात. जंगलातला मुलगा म्हणून ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले, त्यांना मोठा झालेला साबू नको होता. १९६३ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने तो वारला.

फ्लाहर्टीने आणखी दोन मोठे चित्रपट केले. अमेरिकन सरकारच्या शेतीखात्यासाठी त्याने ‘द लँड’ काढला. धुपून गेलेली जमीन, गाव सोडून निघालेले शेतकरी हे त्यात दिसते. तो १९४२ साली पुरा झाला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरली होती. देशाचे असे उदास चित्र सरकारला नको होते, म्हणून तो फारसा दाखवलाच गेला नाही. ‘लुइझियाना स्टोरी’ (१९४८) यात दलदलीच्या प्रदेशातील एक मुलगा आणि तेथे आलेली तेलविहीर यांची कथा आहे. त्याचा खर्च एका तेल कंपनीने केला होता. तेलाने काहीच बिघडत नाही असे त्यात दिसते, त्याचे कारण हेच असावे! त्यातील संगीताला मात्र १९४९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

२३ जुलै १९५१ रोजी व्हरमाँट राज्यातील आपल्या शेतघरी फ्लाहर्टी वारला. फ्रान्सेसने १९५५ साली त्याच घरी माहितीपटकारांना बोलावून चर्चासत्र भरवले. लोक एकत्र बसून चित्रपट पाहत आणि त्यांवर मनमोकळा वाद घालत. फ्लाहर्टी सेमिनार या नावाने ती परंपरा पुढेही चालू राहिली.

इनुकजुआकचे लोक ‘नानूक’ विसरले नाहीत. पुढे एक पथक हा चित्रपट घेऊन तेथे गेले आणि त्यांनी गावकऱ्यांसमोर तो दाखवला. सीलच्या शिकारीच्या प्रसंगाला लोक खो खो हसले; कारण शिकार अशी करत नाहीत, हे त्यांना माहीत होते. जाणत्या माणसांनी कोणता प्रसंग कसा रचला होता ते सांगितले आणि नानूकचे खरे नाव सांगितले. २०१२ साली टोरोंटोमध्ये तान्या टागाक या इन्युइट गायिकेने या मूकपटाला आपला आवाज दिला. पडद्यावर अल्लाकारियाल्लाक बर्फ कापत होता आणि पडद्यासमोर उभी राहून ती गात होती.

शब्दार्थ

लोहखनिज – ज्यातून लोखंड मिळते असा खडक.
मोहीम – विशिष्ट कामासाठी केलेला मोठा प्रवास.
घसरगाडी – बर्फावरून ओढायची, चाके नसलेली गाडी.
फिल्म धुणे – चित्रित फिल्मवर रसायनांनी चित्र उमटवणे.
सावज – शिकारीचा प्राणी.
गिल्ला – आरडाओरडा.
ग्रामोफोनची तबकडी – जिच्यावर गाणे साठवलेले असते ती थाळी.
तोफची – तोफ किंवा मोठी बंदूक चालवणारा सैनिक.
डोक्यावर घेणे – फार कौतुक करणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मॅकेन्झीने फ्लाहर्टीला कोणत्या कामासाठी ठेवले होते?
(आ) ‘नानूक’ या शब्दाचा अर्थ काय?
(इ) साबू फ्लाहर्टीच्या पथकाला कोठे सापडला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) फ्लाहर्टीची पहिली फिल्म जळून गेली.
(आ) इग्लूचा अर्धा भाग कापावा लागला.
(इ) ‘द लँड’ हा चित्रपट फारसा दाखवला गेला नाही.

प्र. ३. इनुकजुआक येथे फिल्म धुण्याचे आणि प्रत काढण्याचे काम कसे चाले, ते आठ-दहा ओळींत लिहा.

प्र. ४. इग्लूचे दृश्य आणि ग्रामोफोनचे दृश्य यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे? तुम्हांला तो पटतो का? वर्गात चर्चा करा.

प्र. ५. तुमच्या मोहल्ल्यातील एखाद्या कारागिरावर माहितीपट काढायचा आहे, अशी कल्पना करा. त्याची कोणती कामे दाखवाल, त्याची परवानगी कशी घ्याल आणि तयार झालेला माहितीपट त्याला केव्हा दाखवाल, ते लिहा.